आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत निघालेली गंजिफाची पेटी : खेळायचं कसं, जपायचं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण मदत हवी आहे म्हणून सगळं नीट सांगते.

वाईच्या जवळ आमचं गाव. गावातल्या वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इतिहास मंडळाची बैठक भरते. मंडळ म्हणजे एक मोठी सतरंजी, चहाची किटली आणि दहा-पंधरा माणसं. कधी कुणी घरातलं मोडी पत्र घेऊन येतं, मग ते फळ्यावर अक्षर-अक्षर लावत बसतो. कधी सगळे मिळून मेणवलीला जातो, नाना फडणवीसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं बघतो आणि येताना घाटावर वसईहून आणलेल्या घंटेखाली डबे सोडतो. गेल्या वर्षी गावातल्या बारवेचं मोजमाप केलं. असं चाललेलं असतं.

गेल्या बैठकीचा विषय होता ‘घरातली एक जुनी वस्तू’. अडकित्ते आले, एक समई आली, रोजकीर्दीची वही आली. सगळ्यात शेवटी आमच्या मागच्या आळीतल्या आजींनी पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. वय ८४. माहेर कुडाळकडचं. पेटीला सरकतं झाकण, वरचा रंग हाताळून हाताळून गेलेला. आत गोल पत्ते! गंजिफा!

मी गंजिफा काचेमागे पाहिलेला होता, हातात कधीच घेतला नव्हता. दोन इंचाला जरा कमी असं एक पान. तळहातावर ठेवलं तर वाटतं रुपयाचं मोठं नाणं आहे, पण वजन अगदी सुपारीएवढं. मला मिळालं ते कूर्माचं सहावं. लाल जमिनीवर सहा कासवं, प्रत्येकाला चार पाय आणि पुढे आलेली मान, आणि एकाही कासवाची मान दुसऱ्यासारखी नाही. एकाने तर वळून मागे पाहिलंय. नखाएवढ्या जागेत! पाठीमागे नुसता गडद लाखेचा थर, कुठे कुठे तडकलेला.

आम्ही मोजली, ११३ पानं भरली. मग कुणीतरी विचारलं, “आजी, खेळतात कसं?” आजी म्हणाल्या, “राम दिवसा, कृष्ण रात्री,” आणि थांबल्या. पुढचं आठवेना. लहानपणी चातुर्मासात दुपारी आजोबांचा अड्डा बसायचा, मुलींना खेळात घेत नसत, पण पानं पिसायला आणि पाणी द्यायला त्यांना बसवत. म्हणजे त्यांनी डाव बघितलेत शेकड्यांनी, स्वतः खेळलेल्या नाहीत कधीच.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, खेळाचे नियम, म्हणजे आजींना थोडं सुचवलं की पुढचं त्यांना आठवेल. दुसरं, ही पानं जपायची कशी. आणि मनातलं खरं सांगू का, पुढच्या बैठकीत आजींना एक डाव खेळायला मिळावा असं मला फार वाटतंय.

जुनीपानं

वाचून अंगावर काटा आला. आधी जपण्याचं सांगतो, कारण उत्साहात लोक घोटाळे करतात.

ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका. तडकलेल्या लाखेतून पाणी आत गेलं की खालचा खडूचा थर फुगतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, वर वॉर्निश तर मुळीच नको. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, बास. पानांवर पेनाने क्रमांक घालू नका. प्रत्येक पान पातळ कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहा. जुन्या माणसांची लाल कापड आणि वेखंडाची पुरचुंडी ही पोथ्यांची रीत वाईट नव्हती, फक्त वेखंड पानांना थेट चिकटून नको. पावसाळ्यात तुमच्याकडे दमट हवा असते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा.

आणि कृपा करून या पानांनी खेळू नका.

पेठेतला

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, पण त्यावर नंतर.

आधी मोजणी. दशावतारी गंजिफा १२० पानांचा : १० अवतार म्हणजे १० रंग, प्रत्येक रंगात १२ पानं. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १०. तुमची कासवं म्हणजे दशावतारीच. मोगली धाटणीचा असतो तो ८ रंगांचा, ९६ पानांचा. त्याला आपल्याकडे चंगकांचनी म्हणत. नवग्रहांचा १०८ पानांचाही असतो. म्हणजे तुमची ७ पानं हरवली आहेत. एक तक्ता करा, आडवे अवतार, उभी पानं, आणि टिचक्या मारत जा. कोणती सात ते लगेच कळेल.

खुणा लावताना एक लक्षात घ्या. मत्स्य आणि कूर्म सोपे. परशुरामाचा परशू, वामनाचा कमंडलू. पण रामाची खूण कुठे बाण असते कुठे माकड, कृष्णाची बहुधा गाय, कल्कीची तलवार किंवा घोडा. चितारी बदलला, गाव बदललं की खूण बदलते. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून ‘हे चुकीचं’ असं समजू नका.

नववा अवतार नीट बघा. आपल्याकडे जुन्या पंचांगांत आणि देवळांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठोबा असतो, ओडिशात त्या जागी जगन्नाथ येतो. तुमच्या पेटीत कोण आहे?

कृष्णाकाठ

तक्ता झाला! आजी, मी आणि आमच्या शाळेतली तीन मुलं मिळून बसलो होतो. नाहीत ती पानं : कूर्माचं चौथं, वराहाचं सातवं, वामनाचं दुसरं आणि नववं, परशुरामाचा प्रधान, कृष्णाचं सहावं, कल्कीची दश्शी.

नवव्या अवताराच्या राजाचा रंग बराच उडालाय. बसलेली आकृती आहे एवढंच दिसतं. हात कमरेवर नाहीत, म्हणजे विठोबा नसावा. खूण कमळाची आहे. आजी म्हणाल्या, “हा बोध.” त्यांच्याकडे बुद्धाला बोधच म्हणत.

सगळे प्रधान घोड्यावर आहेत. प्रत्येक घोड्याचा पुढचा डावा पाय उचललेला.

तांबडी_माती

मी सावंतवाडीचा, म्हणून राहवत नाही.

कुडाळकडचं माहेर म्हणजे पेटी बहुतेक आमच्या चितारआळीतून गेलेली. सावंतवाडीत हा खेळ कसा आला त्याची गोष्ट अशी सांगतात की संस्थानात शास्त्रचर्चेसाठी तेलंगणातून पंडित यायचे, त्यांच्याबरोबर गंजिफा आला आणि राजाला आवडला. मग लाकडी खेळणी आणि देव्हारे रंगवणारे इथलेच चितारी पानं रंगवायला लागले.

पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि हे काम जवळजवळ बुडालं. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ते परत उभं केलं. पुंडलिक चितारी नावाचे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते, त्यांच्याकडून सत्त्वशीलादेवी स्वतः शिकल्या आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच काम सुरू केलं. दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून रंगवत बसलेले मी शाळेत असताना पाहिलेत. २०१८ मध्ये त्या गेल्या. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना पहिली त्यांचीच आठवण झाली.

पान कसं करतात ते सांगतो, तुमच्या मुलांना उपयोगी पडेल. कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, त्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून शिजवायचे. वाळलं की गोल कापायचं, वर खडू आणि खळीचा पांढरा हात द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं. मग जमिनीचा रंग, मग आकृती, आणि बारीक रेघ सगळ्यात शेवटी. मग लाख. घोटलेलं पान हाताला काचेसारखं लागतं, पण काच गार असते आणि हे नसतं. एवढा फरक आहे.

मोडीवाली

तांबडी_माती, तुमच्या सावंतवाडीहून घाटावर परत येताना पिंगुळीला थांबा असं सगळ्यांना सांगत असते मी. कुडाळजवळच. ठाकर समाजाची चित्रकथीची पोथी, म्हणजे चित्रांची सुटी पानं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एकेक पान पुढे धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुकच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी घराच्या गोठ्यात संग्रहालय मांडलंय. तिथे ते चित्र नुसतं टांगून दाखवत नाहीत, गाऊन दाखवतात. गाणं सुरू झालं की त्याच चित्रातले डोळे वेगळे दिसायला लागतात. मी हे दोनदा अनुभवलंय.

म्हणून मीही पेठेतल्यांच्या बाजूने. आजींना डाव खेळू द्या.

जुनीपानं

मोडीवाली, चित्रकथीचं पान एक माणूस धरतो आणि ज्याला धरायचं कसं हे येतं तोच धरतो. इथे १५ माणसं, चहाच्या हातांची, १२० पानं पिसणार. माझ्या आजोळची एक पेटी अशीच ‘बघू बघू’ करत गेली. लग्नघरात पोरांच्या हाती लागली, दोन दिवसांत अर्धी पानं अंगणात. उरलेली एका जुन्या वस्तू घेणाऱ्याने पितळेच्या भांड्यांबरोबर उचलली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि त्या पानांच्या चकत्या पाण्यावर उडवणाऱ्यांत मीही होतो. ते मला आजही छळतं. म्हणून एवढं कळकळीने लिहितो.

पेठेतला

जुनीपानं, हे वाचून माझा वाद संपला. मधला मार्ग काढू : नक्कल करा. फ्लॅटबेड स्कॅनरवर एका वेळी १२ पानं, म्हणजे एक रंग. छापा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, गोल कापा. मूळ पानं शेजारी पांढऱ्या कापडावर मांडून ठेवा, ज्याला बघायचंय त्याने बघावं.

आणि कृष्णाकाठ, एक विनंती. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलं तेव्हापासून सभेत लोक काय आणत? एखादं पत्र, एखादा शिलालेखाचा ठसा, आणि त्यावर दोन पानांचं टिपण. ती छोटी छोटी टिपणं इतिवृत्तांतून छापली गेली म्हणून आज आपल्याला सापडतात. तुमच्या आजी जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. कोण खेळायचे, कुठे बसायचे, हरल्यावर काय म्हणायचे. पेटी कदाचित कुणीतरी जपेल. आजोबांच्या अड्ड्यावर काय बोलत, हे मात्र आजींनी सांगितलं तरच कळणार.

गणितमास्तर

नियम कुणीच सांगितले नाहीत अजून, म्हणून मी सांगतो. आमच्या घरी वडील आणि काका खेळत. गावोगाव थोडा फरक असणार, हे आमच्या घरचं.

तीन गडी. १२० पानं, प्रत्येकाला ४०. डाव उजवीकडे फिरतो, घड्याळाच्या उलट. सर हुकमाचा रंग नाही. ब्रिज खेळणाऱ्यांनी ते डोक्यातून काढून टाकायचं. इथे ‘हुकूम’ म्हणजे त्या रंगातलं, अजून बाहेर न पडलेल्या पानांतलं सगळ्यात वरचं पान. राजा पडला की प्रधान हुकूम होतो, प्रधान पडला की त्याच्या खालचं.

आता गंमत ऐका. निम्म्या रंगांत दश्शी वरची, निम्म्यांत एक्का वरचा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन : राजा, प्रधान, मग १०, ९ असं उतरत जायचं. परशुरामापासून कल्कीपर्यंत : राजा, प्रधान, मग १, २, ३. म्हणजे कल्कीची दश्शी हे सगळ्यात टाकाऊ पान, आणि मत्स्याची दश्शी प्रधानाच्या लगेच खाली.

दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करतो, दिवे लागल्यावर कृष्णाचा. पहिल्या उतारीला राजा आणि सोबत एक हलकं पान असं दोन्ही टाकायचं, बाकीच्यांनी दोन-दोन पानं द्यायची. मग हात चालू. शेवटी ज्याने जे हात केले त्यांतली सगळी पानं त्याची. ४० पेक्षा कमी भरली तर तेवढं देणं लागतं.

खरा खेळ आठवणीचा आहे. कोणत्या रंगातलं काय पडलं ते ध्यानात ठेवायचं, १० रंगांचं. माझे काका डाव चालू असताना कुणाशी बोलत नसत. चहा आला तर मानेनेच ‘ठेव’ म्हणत.

दूरदेशी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफा आहेत. मुंबईत राहून कलासमीक्षा करणाऱ्या रूडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर भारतभरचे गंजिफा गोळा केले आणि त्यांचा अभ्यास केला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने अकबराचा १४४ पानांचा गंजिफा रंगासकट वर्णन केलाय. हे सगळं मला पाठ होतं. पण डाव कसा चालतो हे आज, गणितमास्तरांमुळे, पहिल्यांदा कळलं. बायकोला वाचून दाखवलं. आता आम्ही १२० चकत्या कापायला बसणार आहोत.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळं सांगायचंय, म्हणून सवडीने बसले.

गणितमास्तरांचं लिखाण आजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘हुकूम’ शब्द आला तशा त्या एकदम सरळ बसल्या. “हो हो, हुकूम! आजोबा ओरडायचे, हुकूम गेला, हुकूम गेला!” मग धडाधड आठवायला लागलं. कोण कुठल्या खांबाला टेकून बसायचा, कोण पान टाकण्याआधी ओठ चावायचा. पेठेतले, सगळं वहीत उतरवलंय. २२ पानं झाली.

नक्कल केली. मुलांनी बरणीच्या झाकणाने गोल आखले आणि कापले. पहिली खेप नुसत्या पुठ्ठ्याची. आजींनी हातात घेऊन एक पान दुसऱ्यावर टाकलं आणि मान हलवली. “आवाज नाही.” खरंच, मूळ पान पानावर पडलं की ‘टक्’ असा छोटा आवाज येतो. पुठ्ठा नुसता ‘फस्स’ करतो. मग तांबडी_माती यांनी सांगितलं तशी चिंचोक्याची खळ केली. वाचनालयाच्या स्वयंपाकघरात दोन दिवस चिंचोके भिजत होते. चार थर, दोन दिवस दाबाखाली ठेवले, आमच्या शिपाईकाकांनी वर विश्वकोशाचे खंड रचले. तिसऱ्या दिवशी आजींनी परत पान टाकलं. टक्. अगदी तसंच नाही, पण जवळचं.

सात हरवलेल्या पानांपैकी सहा सोपी गेली, त्या त्या रंगातली खूण बघून मुलांनी रंगवली. कूर्माच्या चौथ्यात सातवीतल्या मुलीने चारही कासवांच्या माना वेगवेगळ्या काढल्या, तिला कुणी सांगितलं नव्हतं. परशुरामाचा प्रधान अवघड होता, कारण नमुनाच नाही. बाकीचे नऊ प्रधान समोर मांडून तिघांनी मिळून काढला. घोड्याचा पुढचा डावा पाय उचललेला आहे आणि स्वाराच्या खांद्यावर परशू. मागे तारीख आणि ‘नक्कल’ असं लिहिलंय, पुढे कुणाची फसगत नको म्हणून.

जुनीपानं, मूळ पानं पाकिटांत आहेत, लाल कापडात, वाचनालयाच्या लोखंडी कपाटात. आजींच्या मुलाने मालकी घराचीच ठेवून ती मंडळाकडे सांभाळायला दिली, तसं रीतसर कागदावर लिहून घेतलं. बैठकीच्या दिवशी एकच मूळ पान आजींच्या हातात दिलं, रामाचा राजा. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि परत दिलं.

बैठकीला ४१ माणसं आली. सतरंजी पुरेना, खालच्या वाचनकक्षातल्या चटया आणल्या. गडी तिघेच, आजी, मंडळाचे अध्यक्ष आणि आमची ती कासववाली मुलगी. बाकीचे मागे उभे राहून बघत होते. साडेपाचला पानं वाटली. रामाचा राजा मुलीकडे निघाला, तिनेच पहिली उतारी केली. पाचव्या-सहाव्या हातानंतर अध्यक्षांनी कल्कीची दश्शी मोठी म्हणून टाकली आणि अख्खी माडी “अहो उलटं, उलटं!” म्हणून ओरडली. आजी हसून हसून खोकल्या. मग मात्र एक वेळ अशी आली की कुणीच बोलेना. ४१ माणसं आणि फक्त पानांचा आवाज. मुलगी सात पानांनी हरली. तिने रडवेलं तोंड करून आजींकडे बघितलं, तर आजी म्हणाल्या, “मी तर सत्तर वर्षं थांबले होते.”

दुसरा डाव वाटायला घेतला तोवर खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. अध्यक्षांनी सवयीने विचारलं, “रामाचा राजा कुणाकडे?” तशा आजींनी त्यांचा हात धरून थांबवलं आणि खिडकीकडे बोट केलं.

“सांज झाली मां. आता कृष्ण कोणाकडे आसा?”